मास्तरांच्या मागोमाग, पायधुणीपर्यंत

आधी डोक्यावर काहीतरी घाला. १९०४ सालच्या मुंबईत उतरताना खिशातल्या फोनची काळजी नको, तो काय आहे हे कुणाला कळणारच नाही. पायातल्या बुटांकडे चार पोरं टक लावून बघतील, तेवढंच. पण बोडक्याने भर रस्त्यात उभे राहिलात, तर देवळाकडे निघालेली एखादी आजी थबकेल आणि विचारील, "काय रे बाबा, घरात कोणी गेलं का?"

बरं, घालायचं ठरवलं तरी काय घालणार? या शहरात माणसाच्या डोक्यावरून त्याचं घर कुठल्या मोहल्ल्यात आहे ते कळतं. लाल, कपाळावर चोच काढलेली पगडी म्हणजे भाटिया. चकचकीत, काळसर, मागे उतरत गेलेली म्हणजे पारशी. सोनेरी काठाची, घट्ट वळलेली म्हणजे बोहरी. पाठारे प्रभूची पगडी आणि ब्राह्मणाची पगडी तुम्हाला एकच वाटेल. इथल्या शेंबड्या पोराला वाटणार नाही. निळा डगला आणि पिवळी पगडी दिसली, तर तो पोलीस शिपाई. तिथे रेंगाळू नका.

वाचणाऱ्या बाई असल्या, तर त्यांची पंचाईत आणखी मोठी. मराठी बायका सगळ्या नऊवारीच नेसतात, पण काष्टा किती घट्ट, लुगडं घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, पदर डोक्यावर की खांद्यावर, यावरून गिरगावातली कोण, कोळीवाड्यातली कोण आणि घाटावरून पोट भरायला आलेली कोण, हे रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं. पुरुषांनी गोल काळी टोपी घालावी. शिकल्यासवरल्या तरुणांत ती दिसू लागली आहे, फार चौकशी व्हायची नाही.

चला.

सकाळचे सात वाजलेत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर मान वर करून बघा: दगडात कोरलेले शेतकरी. ते लॉकवुड किपलिंग यांचं काम. पलीकडच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकवायला होते आणि त्याच आवारात १८६५ साली त्यांचा रुडयार्ड जन्मला. आत गेलात की पायाखाली थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणलेल्या फरशा. मासळीच्या बाजूला त्या ओल्या असतात आणि चांगल्याच निसरड्या. बर्फ फार नाही, त्यामुळे वास किती असेल याची कल्पना तुम्हाला आलीच असेल. नाकाला रुमाल लावू नका, लगेच कुणीतरी खेकसेल.

"म्हावरं घ्याचं हाय का नुसतंच बघाचं हाय?" कोळीण विचारते. तिचा एक हात पाटीवर आहे, दुसरा कमरेवर. तुम्ही गडबडून 'बघतोय' म्हणता. "मग बाजूला हो दादा, गिऱ्हाईक उभं हाय."

बाजूला होताना तुमचं कोपर ज्यांना लागतं, ते गृहस्थ काही बोलत नाहीत. त्यांच्या हातात एक वही आहे आणि पेन्सिल थांबलेली नाही. वय सदतीस. तुम्ही ज्यांना भेटायला इतक्या लांब आलात, ते हेच: महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८ मार्च १८६७ चा. जातीने पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईच्या फार जुन्या रहिवाशांपैकी. १८९० साली जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले, १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं आणि १८९६ पासून त्याच शाळेत मास्तर झाले. १९३१ साली निवृत्त होतील, तोवर शाळेच्या प्रमुखाच्या खुर्चीवरही बसून झालेलं असेल. आज ते नुसते मास्तर आहेत. त्यांना हाक मारू नका. चित्र काढणाऱ्या माणसाला मध्येच बोलतं करणं हे पाप आहे.

वहीत मात्र खुशाल डोकवा.

तुम्हाला वाटलं असेल, चेहऱ्यापासून सुरुवात असेल. चेहऱ्याच्या जागी नुसता एक अंडगोल आहे. आधी उतरली आहे ती कंबर. कोळणीने भार डाव्या पायावर टाकला आहे, त्यामुळे डावा खांदा खाली आणि डावा कुल्हा वर. कमरेवरच्या हाताचा तळवा उलटा टेकला आहे, कारण बोटांना खवले चिकटलेत आणि लुगडं स्वच्छ ठेवायचं आहे. हे त्यांनी पाहिलं. मग लुगड्याची ती घट्ट ओढलेली चुणी, दोन रेघांत. अंबाड्यातलं फूल, एका ठिपक्यात. आणि सगळ्यात शेवटी चेहरा, तोही गिऱ्हाइकाकडे वळलेला, आपल्याकडे नाही.

आता एक कबूल करायला हवं: ते प्रत्यक्षात कुठून सुरुवात करत, हे त्या सकाळी बघायला मी नव्हतो. पण त्यांची पूर्ण झालेली चित्रं बघितली की माणूस आधी उभा राहिला आणि मग त्याला नाकडोळे मिळाले असंच वाटत राहतं. म्हणून मी मास्तरांना तसं काढायला लावलं.

हे उभं करणं ते शिकले कुठे, ते बघायला रस्ता ओलांडून जे. जे.च्या आवारात जाऊ. मोठ्या खिडक्यांची दगडी इमारत, आत उत्तरेचा गार उजेड, आणि त्या उजेडात उभे ग्रीक देव. अर्थात प्लास्टरचे. कुणाला हात नाहीत, कुणाचं नाक गेलेलं. पहिल्या वर्षाची पोरं घाम गाळत त्यांच्या छटा उतरवत बसली आहेत. या शिक्षणाला आपल्याकडे पुढे बरीच नावं ठेवली गेली. परक्या देवांचे साचे गिरवून देशी चित्रकार कसा घडणार, हा प्रश्न चुकीचा नाही. पण धुरंधरांच्या बाबतीत त्या साच्यांनी भलतंच काम केलं. भार एका पायावर टाकून उभा असलेला ग्रीक तरुण कोळसा घेऊन इतक्या वेळा काढला, की मार्केटच्या दारात पाटी डोक्यावर घेऊन उभा असलेला हमाल दिसला तेव्हा त्याच्या पाठीच्या कण्याचं वळण त्यांना पाठच होतं. शिवाय त्यांना विद्यार्थी म्हणून घेणारे प्रिन्सिपल जॉन ग्रिफिथ्स यांना इथल्या कष्टकऱ्यांच्या देहांचं, ओल्या अंगावरच्या उन्हाचं मनापासून वेड होतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. साहेब होता, पण डोळा उघडा ठेवणारा साहेब होता.

बाहेर घंटा वाजते आहे. कुलाब्याहून पायधुणीला जाणारी ट्राम. घोड्यांची. पळा.

भाडं एक आणा. १८७४ च्या मे महिन्यात ट्राम सुरू झाली तेव्हा तीन आणे होतं, म्हणजे तुम्ही स्वस्ताईत आलात. घोडे मात्र मार्केटपुढच्या गर्दीत मान टाकून चालतात. त्यांचे दिवस संपत आलेत: पुढच्या वर्षी ही ट्राम बंद पडेल आणि १९०७ च्या मेमध्ये विजेची धावू लागेल. मास्तर समोरच्या बाकावर आहेत, असं समजू. बघण्यासारखी जागा तीच आहे. एका बाकावर शहरातले पाच मोहल्ले मांडीला मांडी लावून बसलेत, पण एकमेकांच्या घरचं पाणी पिणार नाहीत. पारशीबोवा छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून सरळ बसलेत, कण्याला मुळी टेकूच नाही. शेजारचा मारवाडी मुनीम झोपलाय. झोपेतही त्याची पिशवी काखेतून सुटत नाही. टोकाला एक घाटी बाई, कडेवरचं पोर तिच्या कानातल्या कुड्याला लोंबकळतंय, आणि पोराचा हात सोडवायचा की पदर सावरायचा या विचारात तिचं दोन्ही राहून गेलंय.

अशी माणसं धुरंधरांनी त्या काळात रंगीत पोस्टकार्डांसाठी काढली. कोळणी, पट्टेवाले, पारशिणी, पोलीस, मेमसाहेब. शतकाच्या सुरुवातीला चित्रांच्या कार्डांचं वेड जगभर पसरलं होतं. मुंबईत उतरलेला साहेब ती घेई, चित्राच्या कडेला मिळेल तेवढ्या जागेत दोन ओळी खरडी आणि विलायतेला पाठवून देई. खाली छापील इंग्रजी नाव: हा अमुक जातीचा, ही तमुक जातीची.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा व्यवहार इतका भोळा नाही. माणसांचे नमुने गोळा करण्याची सवय राज्यकर्त्यांना आधीपासूनची. १८६८ पासून सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आठ जाडजूड खंडांत छापले होते, टाचणी टोचून ठेवलेली फुलपाखरं असावीत त्या थाटात. पोस्टकार्डाचा धंदा त्याच भुकेवर चालला होता. मास्तरांना हे कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही. सरकारी शाळेत नोकरी करणारा माणूस साहेबाला काय हवं ते चांगलं ओळखून असतो. त्यांनी मागितलेला माल पुरवला. कार्डावर जात बरोबर, पगडी बरोबर, नेसण बरोबर. पण मालाबरोबर एक न मागितलेली गोष्टही गेली. ती घाटी बाई आधी वैतागलेली आहे आणि मग घाटी आहे. पट्टेवाल्याला आपल्या पट्ट्याचा गर्व आहे आणि पट्टा पोटावर घट्ट होतोय. नमुन्याला पोट नसतं, वैताग नसतो. शेजाऱ्याला असतो. धुरंधर या लोकांकडे शेजाऱ्याच्या नजरेने बघत, म्हणूनच थोडी थट्टाही करू शकत. परक्याची थट्टा लगेच बोचते. हे हसणं चाळीच्या गॅलरीतलं आहे.

पायधुणी आली, उतरा. समुद्राचं पाणी एकेकाळी इथवर येई आणि पलीकडच्या बेटावरून आलेले लोक इथे पाय धूत, असं सांगतात. आता समुद्र दूर गेलाय आणि पाय धुळीने माखतात. डाव्या हाताला मुंबादेवीचं देऊळ आणि त्याचा तलाव. उत्तरेला भेंडीबाजार. तिकडे वळलात की भाषा बदलते, वास बदलतो. खोजे, मेमण, अरब घोड्यांचे व्यापारी, कोकणी मुसलमान खलाशी. बुरख्यातली बाई काढायची तर चित्रकाराजवळ उरतं काय? चाल. धुरंधरांनी पुढे एका मेमण बाईचं चित्र केलं, ते चालतानाचं.

आणि मग एका गल्लीच्या तोंडाशी तुमचे पाय अडखळतात. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर लाल रंगाने काढलेलं वर्तुळ. त्याच्या शेजारी दुसरं. पुढच्या घराला तीन.

प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात जवळच्या मांडवीत तो सुरू झाला. मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. रोगी सापडला की घरावर असं वर्तुळ काढत. आठ वर्षं झाली तरी तो दर हिवाळ्यात परत येतो आहे. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढत्या गिरण्यांच्या, वाढत्या बंदराच्या शहरात माणसं कमी झाली. त्यातली कितीतरी मेली, कितीतरी गावाकडे पळाली. हवा खेळावी म्हणून सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि आता जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते आरपार काढणं चाललं आहे. पाडकामाची धूळ तुमच्या नव्या टोपीवर बसली असेल, झटका.

मी पाहिलेल्या धुरंधरांच्या एकाही कार्डावर हे लाल वर्तुळ नाही. त्यांच्या मोहल्ल्यांत सगळे धडधाकट आहेत, नीटनेटके आहेत, कपडे धुतलेले आहेत. गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत आठ माणसं कशी झोपतात, ते तिथे दिसत नाही. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या नावात त्यांना 'रोमँटिक रिअलिस्ट' म्हटलं होतं. ते मला पटतं. शरीर, कपडा, हावभाव यांत त्यांचा हात सत्याला सोडत नाही. दुःखाशी आला की नजर शिताफीने दुसरीकडे वळते. कुणी याला भित्रेपणा म्हणेल. मला वाटतं, प्लेगच्या दशकात माणसं जिवंत, चालती, भांडती काढत राहणं यालाही काही अर्थ असावा. पण हा माझा पक्षपात समजा.

संध्याकाळ होत आली. काळबादेवीवरून, भुलेश्वराच्या फुलांच्या वासातून ठाकूरद्वारला या. खांद्यावर शिडी घेतलेला दिवेवाला एकेक गॅसचा दिवा लावत पुढे चालला आहे. गिरगाव आता घरी येतं आहे: हापिसातले कारकून, शाळामास्तर, छापखान्यातले खिळे जुळवणारे. केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसायला लागून दहा-अकरा वर्षं झाली. गॅलरीतून कुणीतरी विचारतं, "काय भाऊ, आज उशीर?" तुम्ही मागे वळून बघता, तो प्रश्न तुम्हाला नव्हता. या घरांतल्या बायका धुरंधरांनी सगळ्यात जास्त मायेने काढल्या. लग्नघरातली लगबग, हळदीकुंकवाला निघालेल्या, डोक्यावरून शेला घेतलेल्या, गजरा माळताना हात मागे नेऊन क्षणभर अवघडलेल्या. मला स्वतःला त्यांची पौराणिक चित्रं फारशी धरून ठेवत नाहीत. सगळे देव एकाच नाटक मंडळीतले वाटतात. पण त्याच हाताने काढलेली, पायरी उतरताना निऱ्या सावरणारी प्रभूंची सून समोर आली, की पायरीची उंचीसुद्धा कळते.

आता आठ वर्षं पुढे उडी मारा. १९१२. हॉर्नबी रोडवर विजेची ट्राम खणखणत जाते आहे. तारापोरवालांनी छापलेलं एक इंग्रजी पुस्तक दुकानात आलं आहे: मुंबईच्या आडवाटांवर. लेखक एस. एम. एडवर्ड्स, शहराचे पोलीस कमिशनर, आणि चित्रं धुरंधरांची. जोडी मजेशीर आहे. दोघांनाही प्रत्येक गल्लीत कोण राहतं हे ठाऊक असणं भाग होतं. एकाला बंदोबस्तासाठी, दुसऱ्याला आवड म्हणून. एडवर्ड्स लिहितात बरं, पण रात्र झाली की त्यांना अफूचे अड्डे, भुतंखेतं आणि रहस्यं दिसू लागतात. मास्तरांना त्याच गल्लीत माणसं दिसतात. वाचता वाचता डोळा मजकुरावरून चित्राकडे सारखा पळतो तो त्यामुळे.

आणखी आठ वर्षं. १९२०. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याचं 'विमेन ऑफ इंडिया', त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं. त्यात मुंबईची कोळीण आहे, खोजा बाई आहे, ती चालणारी मेमण बाईही आहे. मजकूर आज वाचवत नाही. बायकांना जातवार गुण देत सुटलेला साहेब किती वेळ सोसणार? चित्रं मात्र अजून उघडून बघितली जातात.

पण शहर तोवर बदललं होतं. जुन्या गल्ल्यांतून सँडहर्स्ट रोड गेला होता. गोल पाचवारी साडी शाळा-कॉलेजातल्या मुलींत शिरत होती. आणि १९२१ च्या ३१ जुलैला परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कपड्यांची प्रचंड होळी पेटली, तेव्हा जमलेल्या गर्दीत पांढऱ्या टोप्या दिसू लागल्या होत्या. भाटिया, प्रभू, घाटी, कोकणी, सगळी डोकी एकच दिसू लागणार होती. पगडी वाचून मोहल्ला सांगणाऱ्या चित्रकाराची यात अडचण व्हायला हवी होती.

ती खरोखर झाली असती का, याची परीक्षा तुम्हाला घरबसल्या घेता येते. धुरंधरांचं एखादं कार्ड घ्या आणि माणसाच्या पगडीवर अंगठा ठेवून ती झाका. खालचं छापील नावही झाका. बरीच माणसं तशीच ओळखू येतात: उकिडवं बसण्याच्या पद्धतीवरून, छत्री धरण्यावरून, समोरच्याशी बोलताना पोट पुढे काढण्यावरून. काही कार्डं मात्र साफ नापास होतात. अंगठ्याखालून नुसते कपडे उरतात, आत कोणी नाही. ती साहेबाच्या ऑर्डरीची. घाईत किंवा कंटाळून काढलेली असतील. ती बाजूला ठेवा आणि पुढचं घ्या.